नैसर्गिक कायदा नाकारणारे न्यायमूर्ती खन्ना

आणीबाणीत ज्या कायद्याखाली हजारो माणसे तुरुंगात गेली, त्या ‘मिसा’मध्ये, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्यामध्ये, १९७५ साली कलम १८ हे नवे कलम घालण्यात आले. त्याचा आशय असा होता की, या कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्या कोणत्याही व्यक्तीला, मग ती परकीय नागरिक का असेना, नैसर्गिक कायद्याच्या किंवा कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या कायद्याच्या, आधारे, तसा काही आधार असल्यास, वैयक्तिक स्वातंत्र्याचा हक्क राहणार नाही. विधिशास्त्र शिकवताना मी हे कलम फळ्यावर लिहितो आणि ‘असल्यास’ या शब्दाखाली रेघ ओढतो. नैसर्गिक कायदा खरोखरच माणसाने केलेल्या कायद्याहून श्रेष्ठ असेल, तर संसदेला तो काढून घेता येणार नाही. आणि तो मुळात नसेलच, तर काढून घ्यायला काही उरतच नाही. तरीही शासनाला हे कलम लिहावेसे वाटले, कारण संविधानातले दरवाजे बंद केल्यावर एखादे न्यायालय या आडवाटेने स्थानबद्धाची दाद घेईल, अशी धास्ती त्याला होती. मसुदा लिहिणाऱ्याच्या धूर्तपणाला दाद द्यावी आणि त्याच्या हेतूची चीड यावी, असे ते वाक्य आहे.

ही धास्ती निराधार ठरली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, आणीबाणीत, जीविताचे आणि वैयक्तिक स्वातंत्र्याचे संरक्षण करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २१ ची अंमलबजावणी स्थगित असताना स्थानबद्ध व्यक्तीला उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पसचा), म्हणजे स्थानबद्धता कायदेशीर आहे का ते तपासण्याचा, अर्ज करता येणार नाही. या निकालाची चर्चा निघाली की दोष ठरलेल्या जागी दिला जातो. न्यायाधीशांनी कायद्याच्या अक्षराला कवटाळले, न्यायाकडे पाठ फिरवली आणि हे सारे पाप कायद्यातील प्रत्यक्षार्थवादाचे, म्हणजे वर्गात आम्ही ज्याला सरळ ‘पॉझिटिव्हिझम’ म्हणतो त्या विचाराचे आहे, असे परिसंवादातले वक्ते सांगतात आणि विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच उतरवतात. मला हे निदान पटत नाही. माझ्या मते त्या दिवशी बहुमताने पॉझिटिव्हिझम पाळला नाही, तर सोडून दिला. आणि ज्या एकाच न्यायाधीशाने विरोधी निकाल लिहिला, त्या न्या. हंसराज खन्ना यांनी तीनच वर्षांपूर्वी नैसर्गिक हक्कांचा आधार स्पष्ट शब्दांत नाकारलेला होता.

आधी हा विचार काय म्हणतो ते पाहू, कारण त्याच्या नावावर भलतीच मते खपवली जातात. या विचाराचा इंग्लिश प्रवर्तक जेरेमी बेंथम १७६३ साली, किशोरवयातच, ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा प्राध्यापक विल्यम ब्लॅकस्टोन याची व्याख्याने ऐकायला बसला होता. निसर्गाच्या कायद्याशी विसंगत असलेला मानवी कायदा वैधच नसतो, असे ब्लॅकस्टोनचे प्रतिपादन होते, आणि तोच ब्लॅकस्टोन प्रत्यक्षात इंग्लंडच्या बहुतेक कायद्यांची तारीफ करीत असे. बेंथमला यात दुहेरी धोका दिसला. ‘हे मला अन्याय्य वाटते, म्हणून हा कायदाच नव्हे’ असे म्हणणारा बेबंदपणाकडे जातो. आणि ‘हा कायदा आहे, म्हणजे तो योग्यच असला पाहिजे’ असे म्हणणारा टीकेचे तोंडच बंद करतो. हा दुसरा धोका बेंथमला अधिक सलत होता, ही गोष्ट आपण विसरतो. कायदा आहे तसा नीट ओळखायचा तो त्याच्यावर निर्भीडपणे टीका करता यावी म्हणून. त्याच्यापुढे मान तुकवण्यासाठी नव्हे.

इंग्लिश विधिज्ञ जॉन ऑस्टिनने १८३२ साली हेच सूत्रात बांधले: कायद्याचे अस्तित्व ही एक गोष्ट, त्याचे गुणावगुण ही दुसरी. त्याचे उदाहरण कठोर आहे. निरुपद्रवी किंवा समाजाला हितकारक अशा एखाद्या कृत्याला राजसत्तेने देहदंड ठरवला असेल, आणि ही शिक्षा ईश्वरी कायद्याच्या विरुद्ध आहे असा बचाव मी केला, तर माझा युक्तिवाद किती लंगडा आहे हे न्यायालय मला फासावर चढवूनच दाखवून देईल, असे तो लिहितो. यातला उपरोध नीट वाचला पाहिजे. अशी फाशी योग्य आहे असे ऑस्टिन म्हणत नाही. नैतिक आक्रोशाने फास सैल होत नाही, एवढेच तो सांगतो. पुढे ऑक्सफर्डचे विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात हा मुद्दा अधिक माणुसकीने मांडला. दुष्ट कायद्यासमोर उभ्या असलेल्या माणसाने ‘हा कायदा आहे, पण पाळता येणार नाही इतका अधम आहे’ असे म्हणण्याची सोय ठेवली पाहिजे, कारण ‘हा कायदाच नाही’ अशी व्याख्या करून टाकली की त्या माणसापुढचा खरा पेच दिसेनासा होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या विचारावरचा सर्वांत गंभीर आरोप जर्मनीतून आला. गुस्टाफ राडब्रुख हे वायमार काळातले न्यायमंत्री आणि कायद्याचे थोर अभ्यासक. १९३३ साली नाझींनी त्यांना अध्यापनातून काढून टाकले होते. ‘कायदा तो कायदा’ या वृत्तीने जर्मन वकील आणि न्यायाधीश नाझी मनमानीपुढे निःशस्त्र झाले, असे त्यांनी १९४६ साली लिहिले, आणि न्यायाशी असलेला विरोध असह्य पातळीला गेला की तो कायदा कायदा राहत नाही, असे सूत्र मांडले. ज्याने ते सारे भोगले त्या माणसाचे हे शब्द हलक्यात घेता येत नाहीत. तरीही इतिहास त्यांच्या निदानाला पुरती साथ देत नाही. नाझींनी २८ जून १९३५ रोजी दंडसंहितेत दुरुस्ती करून, कायद्यात गुन्हा म्हणून न सांगितलेले कृत्यसुद्धा दंडसंहितेचे मूलतत्त्व आणि ‘निकोप लोकभावना’ यांनुसार शिक्षेस पात्र ठरवण्याची मुभा न्यायाधीशांना दिली. हे कायद्याच्या अक्षराला चिकटणे नव्हे. कायद्याच्या वर काहीतरी ‘उच्च’ आहे असे म्हणून अक्षर धाब्यावर बसवणे आहे, फक्त ते उच्च तत्त्व रक्ताचे आणि वंशाचे होते. पॉझिटिव्हिझमचा सर्वांत काटेकोर तत्त्वज्ञ हान्स केल्सन याला त्याच १९३३ साली कोलोन विद्यापीठातून काढले गेले, आणि त्याच्या बाजूने सहकाऱ्यांनी केलेल्या निवेदनावर सही न करणारा एकटा प्राध्यापक म्हणजे नाझींच्या पक्षात गेलेला कार्ल श्मिट होता. वरिष्ठ तत्त्वाचा दाखला नेहमी पीडिताच्याच हाती राहतो, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे हा पेच संविधान सभेतच उभा राहिला होता. आजचा अनुच्छेद २१ म्हणजे तेव्हाचे मसुद्यातले कलम १५. त्यात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द ठेवावेत की अमेरिकेच्या धर्तीवर न्यायालयांना कायद्याचा उचितपणा तपासू देणारे शब्द घालावेत, यावर डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकर बोलले. पक्षाच्या माणसांनी भरलेले विधिमंडळ व्यक्तीच्या जीविताला आणि स्वातंत्र्याला बाधक असे कायदे करील ही शक्यता आपण नाकारत नाही, असे त्यांनी सांगितले. पण त्याच दमात, सर्वोच्च न्यायालयात बसलेले पाचसहा गृहस्थ स्वतःच्या सदसद्विवेकाने, कलाने किंवा पूर्वग्रहाने कोणता कायदा चांगला आणि कोणता वाईट हे ठरवतील, यावरही विसंबून राहणे आपल्याला जमत नाही, असेही ते म्हणाले. ज्यांनी मनुस्मृतीचे दहन केले त्यांना वाईट कायदा म्हणजे काय हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, न्यायाधीशाच्या अंतःकरणाला कायद्याचा अंतिम उगम मानायला ते तयार नव्हते. त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला, सभागृहाने ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ स्वीकारली, आणि १९५० साली ए. के. गोपालन खटल्यात ‘कायदा’ म्हणजे राज्याने केलेला कायदा, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे नव्हेत, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने पक्का केला.

आता खन्ना. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल सात विरुद्ध सहा असा लागला आणि तोल खन्ना यांच्या निकालपत्राने ठरवला. नागरिकांचे काही हक्क नैसर्गिक असल्यामुळे संसदेला घटनादुरुस्तीनेही त्यांना हात लावता येणार नाही, असा युक्तिवाद त्या खटल्यात झाला होता. खन्ना यांनी तो मान्य केला नाही. कोणते नैसर्गिक हक्क, कोणत्या मर्यादांसह, संविधानात आणि कायद्यात घ्यायचे हे राज्याने ठरवायचे असते. संविधान आणि राज्याचे कायदे यांच्यापलीकडे अशा हक्कांना कायदेशीर बळ नसते आणि त्यांची अंमलबजावणी करून घेता येत नाही, असे त्यांनी लिहिले. बेंथमने यावर आनंदाने सही केली असती. संसदेच्या अधिकाराला त्यांनी जी मर्यादा घातली तीही आकाशातून आणली नाही. संविधानाची ‘दुरुस्ती’ करण्याचा अधिकार म्हणजे जुने संविधान ओळखू येण्याजोगे शिल्लक ठेवून ते बदलण्याचा अधिकार, ते मोडून टाकण्याचा नव्हे, असा संविधानातल्याच शब्दाचा अर्थ त्यांनी लावला.

हेच न्यायमूर्ती तीन वर्षांनी एकटे पडले. २७ जून १९७५ रोजी राष्ट्रपतींनी अनुच्छेद ३५९ खाली आदेश काढून अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांनी दिलेले हक्क बजावून घेण्यासाठी कोणत्याही न्यायालयात जाण्याचा हक्क स्थगित केला होता. तरीही नऊ उच्च न्यायालयांनी, ज्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतील असे म्हटले. बंगळूरच्या तुरुंगातून वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर अर्ज करणाऱ्यांत राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. शासनाने या निर्णयांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपिले केली. सुनावणीत खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खाजगी वैरापोटी कोणाला ठार मारले, तर तुमच्या युक्तिवादानुसार त्यावर काही उपाय उरतो का. आणीबाणी चालू आहे तोवर न्यायालयात उपाय नाही, असे डे यांनी उत्तर दिले. याने माझ्या विवेकाला धक्का बसतो, तुमच्याही बसेल, पण माझ्या भूमिकेतून निघणारा निष्कर्ष हाच आहे, असेही ते म्हणाले.

या प्रश्नोत्तराकडे लोक नीतिमत्तेचा प्रसंग म्हणून पाहतात आणि तो तसा आहेही. पण त्यात दडलेला कायद्याचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. खाजगी वैराने गोळी झाडणारा अधिकारी कोणता कायदा अमलात आणत असतो? कोणताच नाही. मिसाचे कलम ३ सुद्धा अधिकाऱ्याला वाटेल त्याला उचलण्याची मोकळीक देत नव्हते; राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, अत्यावश्यक पुरवठा अशी कारणे त्यात सांगितलेली होती, आणि त्या कारणांसाठी स्थानबद्धता आवश्यक असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री झालेली असणे ही आदेशाची अट होती. ज्याच्या नावाने हा खटला ओळखला जातो त्या जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याला (एडीएम) स्वतःचा म्हणून कसलाच अधिकार नव्हता. जो होता तो या कलमातून आलेला. केल्सनच्या मांडणीत प्रत्येक आदेशाला वैधता मिळते ती त्याच्या वरच्या नियमाकडून. जमीन घेताना आपला वकील जसे एकामागून एक फेरफार काढून मालकीची साखळी तपासतो, तशी ही साखळी तपासणे हेच पॉझिटिव्हिस्ट न्यायाधीशाचे पहिले काम असते. स्थानबद्धांची मागणी नेमकी तेवढीच होती: आम्हाला सोडा असे नव्हे, तर आम्हाला ज्या कायद्याखाली धरले आहे त्या कायद्याच्या अटी पाळल्या गेल्या का, एवढे पाहा. बहुमताने हे पाहण्यालाच नकार दिला. आदेश कायद्यात बसतो की नाही हे विचारायचे नाही असे एकदा ठरल्यावर, शिल्लक राहते ती सत्ता, कायदा नव्हे. आणि हे म्हणायला नैसर्गिक कायद्याची काडीचीही मदत लागत नाही.

शिवाय संविधानाच्या शब्दांनी बहुमताचे हात खरेच बांधलेले होते का? न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिले की, वैयक्तिक स्वातंत्र्यावरील प्रेमाने आपली दृष्टी झाकोळू देणे आणि संविधानाच्या भाषेला न पेलणारा अर्थ तिच्यावर लादणे आपल्याला योग्य वाटत नाही. वाक्य ऐकायला संयमी आहे. पण अनुच्छेद ३५९ मध्ये स्थगितीचा विषय आहे तो संविधानाच्या तिसऱ्या भागाने दिलेल्या मूलभूत हक्कांची अंमलबजावणी. मिसाच्याच अटी मोडल्या, अधिकाऱ्याने दुष्ट हेतूने आदेश काढला, ही तक्रार तिसऱ्या भागावर उभी नाही. हा भेद काही वकिलांनी ऐनवेळी शोधून काढलेला नव्हता. १९६३ साली, चीन युद्धाच्या वेळी पुकारलेल्या आणीबाणीत, मखन सिंग खटल्यात साताऱ्याचे न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी सात न्यायाधीशांच्या पीठाच्या बहुमताचा निकाल लिहिताना तो स्वच्छ मांडला होता: राष्ट्रपतींचा आदेश असतानाही, स्थानबद्धता दुष्ट हेतूने झाली किंवा कायद्याच्या अटी डावलून झाली, ही हरकत ऐकता येते. १९७६ च्या बहुमताने, त्या वेळचा आदेश सशर्त होता आणि आताचा बिनशर्त आहे, तसेच उच्च न्यायालयांना बंदिप्रत्यक्षीकरणाचा अधिकार देणारे फौजदारी प्रक्रिया संहितेतले जुने कलम ४९१ आता उरलेले नाही, अशी कारणे देऊन हा निर्णय बाजूला सारला. म्हणजे भाषेला दोन अर्थ पेलत होते, पूर्वीचा मोठ्या पीठाचा निर्णय एका अर्थाच्या बाजूने होता, आणि न्यायाधीशांनी दुसरा निवडला. नियमांना ठाम गाभा असतो आणि भोवती धूसर कड असते, त्या कडेवर न्यायाधीश निवड करीत असतो आणि त्या निवडीची जबाबदारी त्याचीच असते, हे हार्ट यांनी कितीतरी आधी सांगून ठेवले होते. कायद्याने मला भाग पाडले, ही सबब तिथे चालत नाही.

मुंबईचे संविधानतज्ज्ञ वकील एच. एम. सीरवाई यांचे उदाहरण तर माझ्या म्हणण्याला आणखी बळ देते. केशवानंद खटल्यात ते केरळच्या बाजूने, म्हणजे संसदेच्या दुरुस्ती अधिकाराला अंगभूत मर्यादा नाहीत या बाजूने, उभे होते. भावनेने विरघळणारा हा वकील नव्हे. त्यांनी १९७८ साली या बंदिप्रत्यक्षीकरण खटल्याच्या चिकित्सेचे पुस्तक लिहिले आणि बहुमताचा निकाल कलमाकलमाने चुकीचा ठरवला. चूक दाखवायला त्यांना संविधान, कायदे आणि जुने निवाडे पुरले.

खन्ना यांच्या निकालपत्रात मात्र असाही भाग आहे जो माझ्या मांडणीत सहज बसत नाही, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अनुच्छेद २१ नसता तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही, असे ते म्हणतात. जीविताचे पावित्र्य हे माणसाने रानटी अवस्थेतून सुसंस्कृत अवस्थेकडे येताना जपलेल्या उच्च मूल्यांचा भाग आहे, असेही म्हणतात. सर्व कायदे रद्द करणारा कायदा करून कायद्याचे राज्य संपवले, तरी ती कायद्याच्या राज्याची अनुपस्थितीच असेल, हा त्यांचा विचार तर हार्ट यांचे प्रतिपक्षी आणि कायद्याला स्वतःची आंतरिक नीती असते असे मानणारे लॉन फुलर यांच्या तोंडी शोभेल असा आहे. पण तिथेही त्यांचा भर ‘कायद्याच्या आधाराशिवाय’ या शब्दांवर आहे. हे तत्त्व भारतात संविधानाच्या आधीपासून लागू असलेल्या कायद्याचा भाग होते, हे दाखवण्यासाठी ते प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाच्या, १९३१ च्या निवाड्यातले लॉर्ड ॲटकिन यांचे प्रतिपादन देतात की, आपली कृती कायदेशीर आहे हे न्यायालयापुढे सिद्ध करता आल्याखेरीज कोणत्याही अधिकाऱ्याला प्रजाजनाच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करता येत नाही. उच्च मूल्यांची भाषा आहे. तिच्याखाली दाखला मात्र निवाड्याचा आहे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

निकाल रीतसर मोडीत निघाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्कासंबंधीच्या पुट्टस्वामी खटल्यात. १९७६ च्या बहुमतात असलेले न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, एडीएम जबलपूरच्या चारही बहुमत निकालपत्रांत गंभीर दोष आहेत, असे लिहिले. वर्तमानपत्रांनी पितापुत्रांची गोष्ट रंगवली, ते साहजिकच होते. मला त्यातले दुसरे वाक्य अधिक लक्षणीय वाटते: जीविताचा हक्क अविभाज्य असून संविधानापूर्वीही होता आणि अनुच्छेद ३७२ अन्वये पुढे चालू राहिला. संविधानापूर्वी लागू असलेले कायदे पुढे चालू ठेवणारा तो अनुच्छेद. ज्या निकालात नैसर्गिक हक्कांची भाषा मुक्तपणे वापरली आहे, त्यातही हक्काला जागा द्यायची वेळ आली तेव्हा बोट ठेवले गेले ते एका क्रमांकावर.

संसदेने स्वतःच्या परीने दुरुस्ती कितीतरी आधी केली होती. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे अनुच्छेद ३५९ मध्येच लिहिले गेले. त्याच दुरुस्तीच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ बदलायचे ठरले होते: स्थानबद्धतेची कारणे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने, आणि त्या मंडळाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशाकडे. संसदेने हे मंजूर केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली, परंतु अंमलाची तारीख केंद्र शासनाने अधिसूचनेने ठरवायची होती. ती ठरवण्याचा आदेश आपण शासनाला देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सांगितले. तेव्हा सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूडच होते. संविधानाच्या अधिकृत प्रतीत हा बदल आजही अनुच्छेद २२ खालच्या तळटीपेत छापला जातो. ऑस्टिनच्या कसोटीने तो कायदा नाही, आणि तो कायदा होण्यासाठी लागते ती राजपत्रातली एक अधिसूचना.